बुधाजी पालवांची ढिली दोरी

आठ महिन्यांत बुधाजी पालवांनी माझ्या कुत्र्याला एकदाच हिसका दिला, आणि नेमका त्याचाच व्हिडिओ निघाला. अकरा सेकंदांचा. त्या अकरा सेकंदांच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे पालवांखेरीज फक्त मला माहीत होतं, कारण मी चार पावलांवर उभी होते. मी तेव्हाच बोलले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी मृणालिनी. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत, आईच्या घरात राहते. प्रकाशकांना पुस्तकांची पानं लावून देते. म्हणजे दिवसभर कॉम्प्युटर आणि हातात माउस. आई गेली त्या वर्षी घर इतकं गप्प झालं की कुकरच्या शिट्टीनंसुद्धा मी दचकायचे. तेव्हा माटुंग्याच्या एका ओळखीच्या बाईंच्या जिन्याखाली जन्मलेलं काळं पिल्लू घरी आणलं. झोपेतही गुणगुणायचं, म्हणून भुंगा. वर्षभरात तो अठ्ठावीस किलोंचा झाला. घरात अगदी गरीब, पण खाली उतरलं की मला फरफटत न्यायचा. मे महिन्यातल्या एका सकाळी खोदादाद सर्कलजवळ त्याला मांजर दिसली. दोरी मी मुठीला गुंडाळून धरली होती, त्यामुळे ती सुटली नाही, मीच आपटले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

प्लास्टर बघून भुंग्याचे डॉक्टर म्हणाले, "एक तर याला चालायला शिकवा, नाही तर अंगण असलेलं घर बघा याच्यासाठी." त्यांच्या कंपाउंडरनं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "पालवकाका. नायगावला राहतात. मारत नाहीत," एवढंच तो म्हणाला.

पालव दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला आले. पांढरा हाफशर्ट, इस्त्रीची पँट, कॅनव्हासचे बूट, कमरेला कापडी पिशवी. वय त्रेसष्ट. भुंगा नेहमीप्रमाणे उडी मारून त्यांच्या अंगावर गेला. पालव नुसते पाठ फिरवून उभे राहिले. तो पुढून आला, ते पुन्हा फिरले. चौथ्यांदा भुंगा गोंधळून खाली बसला. तेव्हा कुठे त्यांनी वाकून त्याच्या कानामागं खाजवलं आणि मालवणीत म्हणाले, "शाणो झिल," म्हणजे शहाणं पोर.

मग माझ्याकडे वळले. "ताई, दोरी कशी धरता ते दाखवा."

मी डाव्या मुठीला दोन वेढे देऊन दाखवली.

"आता सांगा, ओढतो कोण?"

"तो."

"तुम्ही पण. तो हलायच्या आधीच तुमची दोरी ताणलेली आहे. त्याला वाटतं, चालायचं म्हणजे असंच असतं. ढिली दोरी काय असते ते त्या बिचाऱ्याला जन्मापासून माहीतच नाय."

त्या दिवशी आम्ही आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलापर्यंत गेलो. चाळीस पावलं असतील. त्याला पस्तीस मिनिटं लागली. भुंग्यानं ओढलं की पालव थांबायचे. नुसते थांबायचे. ना ओरडणं, ना ओढणं. भुंगा झटापट करायचा, मागे वळून बघायचा, आणि त्या बघण्यात दोरीला जरा झोल पडला की पालव "चल" म्हणून निघायचे. तो त्यांच्या डाव्या मांडीशी आला की पिशवीतून उकडलेल्या कलेजीचा कण त्याच्या तोंडात जायचा. इस्त्रीवाल्यानं कोळसे सारता सारता विचारलं, "काय काका, कुत्रा बंद पडला काय?"

"गियर शिकतोय," पालव म्हणाले.

मी मात्र वैतागले होते. मला वाटत होतं, काहीतरी युक्ती असेल, एखादी शिट्टी, एखादा खास पट्टा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलंही, "पालव, मला दहाला फाइल द्यायचीय. जरा पटापट नाही का होणार?"

"घाई असेल तेव्हा त्याला घरी ठेवून या, ताई. घाईच्या दिवशी शिकवलेलं उलटंच बसतं."

हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते भुंग्याला जितकं शिकवत होते, तितकंच मलाही. त्यांनी माझी मूठ सोडवली. दोरीचं टोक अंगठ्यात आणि बाकीची दोन बोटांवर नुसती ठेवलेली. "पकडायची नाय. तर्जनीनं ऐकायची," ते म्हणायचे. भुंग्याला एखाद्या खांबाचा वास घ्यायचा असेल तर मी त्याला ओढून पुढे न्यायचे. पालवांनी ते बंद केलं. "त्याला खांब पाहिजे ना? मग आज खांब हाच खाऊ. ढिल्या दोरीनं पोचला तर खांब त्याचा. ओढत गेला तर आपण दोन पावलं मागे." आणि थांबायचं असलं की ते मालवणीत "रव" म्हणायचे. भुंगा मराठी, इंग्रजी काही ऐकत नसे, पण "रव रे मेल्या" म्हटलं की जागच्या जागी खिळायचा. आईच्या सोवळ्याच्या फ्रिजमध्ये मी कलेजीचा डबा ठेवू लागले. आई असती तर तिनं मला भुंग्यासकट बाहेर काढलं असतं.

गणपतीपर्यंत आम्ही फाइव्ह गार्डनपर्यंत जाऊ लागलो. माझं मनगट बरं झालं तरी मी पालवांना यायला सांगितलं. सकाळची ती पाऊण तासाची सोबत मला हवी होती. त्यांना बघून तिथल्या आणखी चार कुत्रेवाल्यांनी त्यांना काम दिलं. त्यात पुष्कर नावाचा एक तरुण होता, त्याच्याकडे बीगल होता. पालव सकाळी सहा ते दहा एकामागून एक कुत्री फिरवायचे. म्हणायचे, आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं काम करतोय.

आधीचं काम त्यांनी मला एकदाच सांगितलं, बागेतल्या बाकावर बसून. वडील परळच्या गिरणीत होते. बुधाजी मात्र माझगावला गोदीजवळच्या एका गोदामावर राखणीची कुत्री सांभाळायला लागले. बावीस वर्षं ती नोकरी केली. तिथं त्यांना काटेरी पट्टा आणि साखळी एवढंच माहीत होतं, आणि ते त्यात पटाईत होते. त्यांच्याकडे डायना नावाची कुत्री होती. ती त्यांच्या पायाला पाय लावून चालायची. बघायला येणारे साहेबलोक कौतुक करायचे.

"एके दिवशी तिच्यासमोर मी डोकं खाजवायला हात वर केला," पालव म्हणाले. "तर ती आडवी झाली आणि तिथंच मुतली. तेव्हा मला कळलं की आपण दहा वर्षं ज्याला शिस्त म्हणत होतो ती भीती होती. त्या दिवशी काटेरी पट्टा काढला मी. पण उशीर झाला होता. मी जेवण घेऊन गेलो की ती भिंतीकडे तोंड करायची. मरेपर्यंत माझ्याकडे पाठ करून जेवली."

त्यांनी हातातली मोकळी दोरी गुंडाळली. मग म्हणाले, "त्यानंतर कुठल्या जनावराला हिसका नाय दिला, ताई."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर पुढचं माझ्या मनातून जात नाही.

फेब्रुवारीतली एक मंगळवारची सकाळ. आम्ही फिरून परत आलो होतो. भुंगा पालवांच्या हातात होता. मी गेटच्या आत थांबून एका लेखकाचा फोन घेतला. आमच्या मीटरच्या खोलीपाशी, नळाच्या मागे, कुणीतरी वड्याचे तुकडे टाकलेले होते. भुंग्यानं दोरी न ताणता, अगदी शिकवल्याप्रमाणे, मान खाली घातली आणि एक तुकडा उचलला. पालवांना त्या तुकड्यात निळसर दाणे दिसले. त्यांनी "रव" म्हटलं, पण घास तोंडात गेला होता. मग त्यांनी सगळ्या ताकदीनं हिसका दिला. भुंगा मागच्या पायांवर उलटला. पालव गुडघा टेकून त्याच्या अंगावर बसले, एका हातानं जबडा उघडला आणि दुसऱ्या हाताची बोटं घशापर्यंत घातली. भुंगा केकाटत होता. भीतीनं तो चावला, चांगलाच चावला. पालवांनी हात काढला नाही. काढला तेव्हा तळव्यावर लाळेनं भिजलेला वडा होता, निळे दाणे होते आणि त्यांच्या उजव्या तर्जनीतून रक्त गळत होतं.

"उंदराचं औषध," ते धापा टाकत म्हणाले. "ताई, टॅक्सी-बिक्सी काय मिळेल ते बघा. आत काय गेलं असेल तर उलटी करवायला हवी."

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भुंग्याला उलटी करवली, इंजेक्शन दिलं. म्हणाले, आणखी दोन तुकडे पोटात गेले असते तर कठीण होतं. कंपाउंडरनं पालवांच्या बोटावर पट्टी बांधली आणि बजावलं की आजच हॉस्पिटलात जाऊन इंजेक्शन घ्या, आणि बोट शिवून घ्या, खोल लागलंय. मी पालवांना म्हटलं, "संध्याकाळी चारला मी येते तुमच्याबरोबर. एकटे जाऊ नका."

"या, ताई. शेवंती पण बरोबर येईल मग," ते म्हणाले. शेवंती म्हणजे त्यांची बायको.

दुपारी तीनला सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. तिसऱ्या मजल्यावरची दीपिका, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, रस्त्यावरच्या मांजरांना रोज खायला घालते. केकाटणं ऐकून ती खिडकीत आली आणि तिनं फोन धरला. अकरा सेकंदांत दिसत होतं ते एवढंच, एक माणूस कुत्र्यावर गुडघा रोवून बसलाय, त्याच्या तोंडात हात घालतोय आणि कुत्रा जिवाच्या आकांतानं ओरडतोय. खाली तिनं लिहिलं होतं, "हा ट्रेनर?? आपल्या आवारात??" अर्ध्या तासात चाळीस मेसेज आले. पोलिसांत द्या, फोटो सगळीकडे पाठवा, असल्या माणसाच्या हातात जनावर देतंच कोण.

मी लिहायला घेतलं. "भुंग्याच्या तोंडात विषारी वडा होता. पालवांनी तो काढून त्याचा जीव वाचवला. मी तिथेच होते." तीन ओळी. पाठवायच्या आधी फोन वाजला. आमचे सेक्रेटरी हितेंद्र.

"मृणालिनीताई, बघितलंत ना? तुम्हाला काय माहीत असणार म्हणा, तुम्ही विश्वासानं सोपवलं होतं. मी वॉचमनला सांगितलंय, उद्यापासून तो माणूस आत येणार नाही."

"अहो, पण तिथे औषध घातलेले वडे होते. कुणी टाकले ते?"

"उंदरांचा केवढा त्रास आहे, तुम्हाला माहितीय. रीतसर केलंय ते सगळं. नोटीस लावायची राहिली असेल, पण आता त्यात काढायचं काय? उगाच फाटे फुटतील." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "बरं, तुमचा जागेचा अर्ज येत्या रविवारी कमिटीपुढे घेतोय. होऊन जाईल."

आईच्या नावावरची जागा माझ्या नावावर व्हायची होती. अर्ज सात महिने पडून होता. हितेंद्र धमकी देत नव्हते, हे मला आजही प्रामाणिकपणे वाटतं. त्यांनी फक्त आठवण करून दिली. बाकीचं मी स्वतःच केलं. मी त्या तीन ओळी पुसल्या. मनाशी म्हटलं, रविवार होऊन जाऊ दे, वातावरण जरा निवळू दे, मग शांतपणे लिहू. आणि चारला नायगावला गेले नाही. ग्रुपवर सगळे पेटलेले असताना पालवांबरोबर कुणी बघितलं तर, असं काहीतरी मनात आलं असणार. पालवांना कळवलं की काम निघालं, तुम्ही जाऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वॉचमननं त्यांना गेटवर अडवलं. मी वरून बघत होते, पडद्याआडून. पालवांनी वाद घातला नाही. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ते फुटपाथवर उभे राहिले आणि त्यांनी मला फोन केला.

"ताई, हे आत सोडत नायत. काय तो व्हिडिओ की काय, दाखवला मला."

"हो, मी बघितला. पालव, दोन-चार दिवस जाऊ देत. मी बोलते सगळ्यांशी."

"तुम्ही होतात ना तिथं?"

"होते."

"मग काय काळजी नाय," ते म्हणाले आणि स्टॉपच्या दिशेनं चालू लागले.

रविवारी कोरम भरला नाही. पुढचा रविवार लग्नसराईत गेला. तोवर व्हिडिओ फाइव्ह गार्डनच्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर पोचला होता. गुरुवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार, मी पुष्कर. तो बीगलवाला. ते पालवकाका म्हणतायत की त्या व्हिडिओत दिसतं तसं काही नव्हतं, मृणालिनीताई होत्या तिथे, त्यांना विचारा. म्हणून म्हटलं..."

मी म्हटलं, "मी आत्ता जरा कामात आहे. नंतर बोलू का?"

"ओके. समजलो," तो म्हणाला. मला त्याच्या आवाजावरून कळलं की त्याला जे समजलं ते खोटं होतं. मी परत फोन केला नाही. आणखी एका नंबरवरून दोनदा फोन आला, तो मी उचललाच नाही.

जागा माझ्या नावावर झाली तेव्हा मार्चचा तिसरा आठवडा होता. कागद हातात पडला त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं; विष, वडे, डॉक्टरांची चिठ्ठी, पालवांचं बोट. पाच अंगठे आले. कुणीतरी "ओह" लिहिलं. हितेंद्रनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना. महिन्यापूर्वीच्या रागात आता कुणालाच रस नव्हता.

एकटी दीपिका वर आली. दारातच रडू लागली. "मावशी, मला माहीत नव्हतं हो. मी खरंच वाचवायला गेले होते त्याला." मग डोळे पुसून तिनं विचारलं, "पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मी त्याच मिनिटाला डिलीट केला असता."

तिला मी पाणी दिलं.

पालव फोन उचलत नव्हते, म्हणून मी नायगावला गेले. त्यांची बीडीडी चाळ रिकामी झाली होती. नव्या इमारतीसाठी सगळ्यांना हलवलं होतं आणि भोवती पत्रे ठोकले होते. समोरच्या चहावाल्यानं सांगितलं, पालव अँटॉप हिलला भाड्याच्या खोलीत गेले. पुढच्या रविवारी मी भुंग्याला घेऊन चालत निघाले. फाइव्ह गार्डन, वडाळा, मग चढ. दोरी सगळा वेळ ढिली होती.

दार शेवंतीबाईंनी उघडलं. "येवा, येवा," म्हणाल्या, पण चेहऱ्यावर ओळख दिसायला वेळ लागला. भुंग्याला वेळ लागला नाही. तो सरळ आत जाऊन पालवांच्या मांडीत डोकं खुपसून गुणगुणू लागला. पालव खाटेवर बसले होते. एका गोदामाच्या गेटवर दिवसपाळी धरली होती त्यांनी, रविवार सुट्टीचा.

"चालत आलात? एवढ्या लांब? ओढलं नाय ना?"

"नाही. वडाळ्याला कुत्री आडवी आली. थांबलो आम्ही. ढिली झाल्यावर निघालो."

"बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. तेवढ्यावर मला थांबता आलं असतं. पण मग पुन्हा पुसल्यासारखंच झालं असतं. मी त्यांना सगळं सांगितलं. हितेंद्रचा फोन, जागेचा अर्ज, पुसलेल्या तीन ओळी. पडद्याआडून बघितल्याचंही सांगितलं. आणि शेवटी, "पुष्करचा फोन मला आला होता, पालव. मी कामात आहे म्हटलं."

पालवांनी भुंग्याच्या पाठीवरून हात फिरवायचा थांबवला नाही. शेवंतीबाईंकडे बघून म्हणाले, "आणि मी हिला म्हणत होतो, ताईंचा नंबर आपणच चुकीचा दिला वाटतं त्यांना. एक आकडा इकडचा तिकडे झाला असेल."

शेवंतीबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या. स्टोव्हकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, "पण तुमचं काम झालं ना, जागेचं?"

"झालं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पालवांना परत यायची विनंती केली. म्हटलं, मी स्वतः गेटवर उभी राहीन, सगळ्यांना सांगेन. त्यांनी उजवा हात पुढे केला. तर्जनी मधल्या पेरापाशी वाकून आखडली होती. त्या दिवशी ते एकटे गेले, इंजेक्शनं घेतली, पण शिवण्यासाठी मोठी रांग होती आणि सांगायला बरोबर कुणी नव्हतं, पट्टीवरच भागवलं. मग बोट चिघळलं.

"दुखत नाय आता," ते म्हणाले. "पण या बोटाला काय लागत नाय. दोरी ढिली आहे की ताणलेली, ते मला कळत नाय, ताई. डाव्या हातानं करून बघितलं. नाय जमत. उगाच दुसऱ्याच्या जनावराला माझ्या हातून हिसका बसायचा."

परत आल्यावर मी पुष्करला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला. "पण आता आम्ही दुसरा ट्रेनर लावलाय. त्याच्याकडे ती काटेवाली कॉलर असते. कडक आहे, पण महिन्याभरात एकदम सरळ केला त्यानं." मी म्हटलं, ती कॉलर काढा. का, तेही सांगितलं, डायनाचं सांगितलं. तो म्हणाला, "बघतो." अजूनही मला तो बीगल फाइव्ह गार्डनमध्ये दिसतो. मालकाच्या पायाला पाय लावून चालतो. लोक थांबून कौतुक करतात. मी आणखी दोनदा पुष्करला थांबवून बोलले. आता तो मला बघून पलीकडच्या बागेत वळतो.

त्यानंतर मी काही रविवार अँटॉप हिलला जात राहिले. पालव भुंग्याला चढावर दहा मिनिटं फिरवायचे, दोरी माझ्या हातात आणि ते नुसते शेजारून. एका रविवारी मी येते म्हणाले आणि एका पुस्तकाची घाईची दुरुस्ती आली म्हणून गेले नाही, कळवायचंही राहिलं. पुढच्या वेळी निघताना शेवंतीबाई माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या.

"जमणार नसेल तरी याच, असं म्हणत नाय मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण सांगत जा, बाय. ते सकाळपासून दाढी करून बसतात."

मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत बघायचं धाडस झालं नाही.

गेल्या डिसेंबरात ते दोघं देवगडजवळ गावाला निघून गेले. नव्या इमारतीतली खोली मिळेल तेव्हा येऊ म्हणाले, पण येतील असं मला वाटत नाही. गावी त्यांनी कुत्रा पाळलेला नाही. वाडीतली दोन येतात दारात. त्यांना दोरीच नसते, म्हणून काही शिकवावं लागत नाही, असं सांगत होते. महिन्यातून एकदा मी फोन करते. आधी ते भुंग्याचं विचारतात, खातो का, जिने नीट चढतो का. त्या सकाळबद्दल मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा पालव म्हणाले, "ताई, इकडे रेंज जाते हो मधेच. काय म्हणालात ते ऐकू नाय आलं."